आधी मी घेऊन बघतो

बायको गेल्याचं त्याला इंजेक्शन टोचायला येणाऱ्या मुलीकडून कळलं, आणि तिलाही ते सांगायचं नव्हतं. सकाळची वेळ होती. ती नेहमीसारखी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून विचारत होती, झोप लागली का, मळमळतं का, चक्कर येते का, कालच्यापेक्षा दम कमी लागतो की जास्त. तोंडाला मास्क, त्यावर काच, अंगात निळा झगा. तिचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आवाजावरून त्याने तिला आपल्या मुलीहून दोनचार वर्षांनी लहान ठरवून टाकलं होतं. बेंबीच्या डाव्या अंगाला सुई टोचून झाली, कापूस दाबून झाला, आणि जाता जाता ती म्हणाली, "काका, एक राहिलं. औषधाच्या चाचणीत जवळच्या माणसाचा फोन नंबर लागतो. आधी काकूंचा दिला होता तुम्ही. आता ताईंचा घालू ना?" तो म्हणाला, "का? तिचा फोन बिघडला की काय?" तिच्या काचेवर आतून वाफ धरली, एवढं त्याला दिसलं. मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला सांगितलंय." शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होता. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत त्याचं तोंड चालू असायचं. तो त्या वेळी कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. ज्याची बायको, त्यालाच तेवढा पत्ता नव्हता.

तिला जाऊन दोन दिवस झाले होते. त्याच इमारतीत, त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड होता, तिथे ती गेली. दोन दिवस मुलगी फोनवर "आई झोपलीय" म्हणत होती, आणि तो "झोपू दे, उठवू नकोस" म्हणत होता. मुलगी नंतर म्हणाली, "तुम्हाला लागणारा ऑक्सिजन जरा कमी होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, बाबा. तुम्हीही हातचे जाल म्हणून." तो तिच्यावर रागावला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. जन्मभर त्याने हेच केलं होतं. मधेच अडकलेल्या माणसांना काय बिघडलंय ते सांगत बसायचं नसतं. आधी त्यांना मजल्यावर आणून दार उघडायचं, मग काय ते बोलायचं. पण त्या सकाळी, ती मुलगी कापसाचा बोळा डब्यात टाकून निघून गेल्यावर, त्याच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. औषधाचं तिला सांगायचं राहिलं, असा तो विचार होता. मग बराच वेळ तो तोच तोच विचार करत राहिला, जसं कुणी किल्ली सापडत नाही म्हणून एकाच खिशात पुन्हा पुन्हा हात घालतं.

औषधाचं असं होतं. त्याला वॉर्डात आणल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई येऊन खुर्ची ओढून बसली होती. ती म्हणाली, हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना जास्त नेतो. का, ते नीट माहीत नाही. बायकांच्या शरीरात एक हार्मोन असतं, त्याने फुफ्फुसांची सूज आवरली जात असेल, असा एक अंदाज आहे. तर ते हार्मोन पुरुषांना थोडे दिवस टोचून बघायचं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते तुम्हाला कळणार नाही, आम्हालाही कळणार नाही. ड्रायव्हर ऑक्सिजनचा मास्क नाकावरून खाली ओढून म्हणाला, "म्हणजे डॉक्टर, घरी गेल्यावर मी बायकोच्या बाजूने बोलायला लागलो तर?" ती म्हणाली, "तर काकू आम्हाला दुवा देतील. मास्क वर घ्या." "आणि पाणीच निघालं तर?" "तर आहात तसेच राहाल." "मग बिचारीच्या नशिबी काही फरक नाही," ड्रायव्हर म्हणाला आणि हसता हसता इतका खोकला की परिचारिका धावत आली. लिफ्टवाल्याने मात्र डॉक्टरीणबाईचं बोलणं अर्धंमुर्धंच ऐकलं होतं. दमच लागत होता. फक्त पुरुषांना, असं ती म्हणाली, ते त्याने 'आधी पुरुषांना' असं धरलं, आणि लगेच हो म्हणाला.

कारण त्यांच्या घरात रीतच तशी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने डोकेदुखीची एक गोळी घेतली आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजून आले, श्वास अडला. तेव्हापासून तिने औषधाची धास्ती घेतली ती घेतलीच. घरात कुठलंही नवं औषध आलं की आधी तो घ्यायचा. घेऊन तिच्यासमोर खुर्चीवर बसायचा. ती भाजी निवडत त्याच्याकडे बघत राहायची. "खाज? चक्कर? बघू, जीभ काढा." तो जीभ काढायचा. मग ती घ्यायची. एकाला सोसलं ते दुसऱ्याला सोसेल असं थोडंच असतं, हे दोघांनाही कळत होतं. पण त्याने घेतलं की तिच्या घशाखाली गोळी उतरायची, आणि त्यापुढे शास्त्र काय म्हणतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. खोकल्याची औषधं, पोटाच्या पुड्या, चाळिशीनंतर तिला दिलेल्या गोळ्या, सगळं त्याने चाखलं होतं. मुलीच्या वेळी बाळंतपणानंतरचं टॉनिकसुद्धा. "मला काही त्याचा गुण आला नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बाळसं धरलं ते यांनीच." तर त्या दिवशी त्याने वरच्या मजल्यावर फोन लावला आणि म्हणाला, "अगं, नवीन औषध काढलंय म्हणे. आधी मी घेऊन बघतो. मग तुझा नंबर." ती धापा टाकत होती. तरी म्हणाली, "बरं. सांगा मग कसं आहे ते." फोन ठेवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "लिफ्टवाले, हे बायकांना देत नाहीत हो. त्यांच्यात ते असतंच." त्याला वाटलं, ड्रायव्हरला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईला विचारलं तर ती म्हणाली, "नाही हो काका, यात पुरुषच आहेत फक्त." ते तिला फोनवर सांगायचं त्याच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू, बरी झाली की समोरच सांगू, असं करता करता ती झोपली आहे असं मुलगी सांगायला लागली.

आणि ती दुपार. टोचणाऱ्या मुलीच्या तोंडून निसटलं त्याच्या आदल्या दिवसाची. वॉर्डातली माणसं पांघरूण पायांवरून घेऊन गादीखाली खोचून टाकायची. त्याला पाय झाकलेले मुळीच सहन होत नसत. कडाक्याच्या थंडीतही पावलं बाहेर लागत. हे फक्त तिला माहीत होतं. रात्री त्याला झोप लागली की ती उठून पांघरूण वर सरकवायची. त्या दुपारी इंजेक्शन झाल्यावर पोटात ऊब पसरत गेली. वरच्या मजल्यावरून एक चाक कुरकुरत पलीकडे गेलं. बेअरिंग कोरडं पडलंय, कुणी तेल घालत नाही, असं त्याने मनात म्हटलं. (पुढे कधीतरी त्या चाकावरून काय नेत असतील असं त्याच्या मनात आलं, आणि मग ते चाक त्याला नको तिथे ऐकू येऊ लागलं, दुकानात, सामानाच्या गाड्यांमध्ये.) त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पायथ्याशी कुणीतरी उभं होतं. गादीखालचं पांघरूण ओढलं गेलं, पावलांना वारा लागला. त्याने डोळे उघडले नाहीत. उघडायची गरज वाटली नाही. आधी वाटलं, बरी झाली म्हणून खाली आली. मग वाटलं, औषध मागायला आली. कारण पाय मोकळे केल्यावरही ती गेली नाही, तिथेच थांबून राहिली, जशी खुर्चीसमोर थांबायची. त्याने जीभ काढून दाखवली. ड्रायव्हरने ते पाहिलं असणार. पण त्यावरून त्याने कधी थट्टा केली नाही.

घरी आल्यावर त्याला रडू येऊ लागलं. बाप गेला तेव्हा न रडलेला माणूस. आता दाराचं कुलूप लवकर उघडलं तरी रडू यायचं, न उघडलं तरी यायचं. गॅस पेटवताना, मोजे जोडीने लावताना, कुणा अनोळखी माणसाने लिफ्टमध्ये "कितवा मजला?" असं नीट विचारलं तरीसुद्धा. मुलगी घाबरली. तो म्हणाला, "काही नाही गं. ते इंजेक्शनचं आहे. बायकांचं औषध, उतरायला वेळ घेणार." तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न थांबत. कामावरही तेच झालं. डबा उघडून बसला की डोळे भरून यायचे, आणि तो घासाबरोबर म्हणायचा, "इंजेक्शनचं." मुकादम म्हणायचा, "अरे, भलतंच कडक औषध दिसतंय. आमच्या साहेबाला मिळेल का एक?" सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि चालून जायचं. छातीत, बरगडीच्या आत, दुखल्यासारखं व्हायचं. तेही त्याने इंजेक्शनच्याच खात्यात टाकलं. डॉक्टरीणबाईने घरी सोडताना सांगितलं होतं की औषध असलंच तर ते काही दिवसांत अंगातून निघून जातं. पण ती सर्वसाधारण सांगत होती.

त्याच्या अंगातून ते जात नव्हतं, उलट मुरत होतं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की तो नळ बंद केल्यावर तोटी फडक्याने कोरडी करतो. हे त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. ते तिचं काम होतं, आणि त्यावरून तो तिला हसायचा. दारावरची घंटा वाजली की स्वयंपाकघरातून "आले, आले" अशी हाक यायची आणि ती त्याच्याच गळ्यातून आलेली असायची, शेवटचं अक्षरसुद्धा तिचं. दारात उभा असलेला पेपरवाला चमकून बघायचा. झोपेत तो पलंगाच्या तिच्या बाजूला सरकलेला असायचा, आणि सकाळी त्याची स्वतःची बाजू रिकामी दिसायची, जणू गेला तो हाच. एकदा आरशासमोर दाढी करताना त्याने मान तिरकी केली, कानामागचे केस सारखे केले, आणि मग वस्तरा हातात धरून कितीतरी वेळ आरशातल्या माणसाकडे बघत उभा राहिला. भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली कसला तरी दिलासाही होता. त्याने साधा हिशेब केला. जे टोचलं ते बाईमाणसाचं होतं. त्याला बाईमाणूस एकच माहीत. तेव्हा अंगात गेली ती तीच. हे तो कुणाला बोलला नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि त्यांचंही चुकलं नसतं.

साधारण वर्षाने फोन आला तेव्हा तो एका उंच इमारतीत, लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा राहून दोर तपासत होता. खाली अंधार, वर अंधार, मधे त्याच्या विजेरीचा उजेड आणि ग्रीसचा वास. "काका, मी चाचणीच्या ऑफिसातून बोलतेय," आवाज त्याने लगेच ओळखला, टोचणारी मुलगी. "निकाल लागलाय. तुम्हाला काय मिळालं होतं ते आता सांगता येतं. फोनवर सांगू की येता?" तो घाईघाईने म्हणाला, "फोनवर नको." खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं, दाबतच राहिलं. त्याने डबा बंद करून ठेवला होता, तो हलणार नव्हता. तरी त्याने दोर घट्ट धरला. त्याला आत्तापर्यंत एकदाही सुचलं नव्हतं की पाणीही असू शकेल. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, ड्रायव्हरने त्यावर विनोद केला होता, त्याने ऐकलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं. आता छतावर बसून तो विचार करू लागला. औषध असेल, तर जे तिला द्यायचं कबूल केलं ते आपण एकट्याने घेतलं आणि ती वर वाट बघत राहिली. पण मग ती अंगात आहे, ते खरं. पाणी असेल, तर तिच्यापासून काहीच लपवलं नाही, देण्यासारखं काही नव्हतंच, त्या शब्दातून सुटलो. पण मग नळाची तोटी कोण पुसतंय? आणि औषध असेल तर त्याने गुंगी येते म्हणे, स्वप्नं पडतात. मग दुपारी पायथ्याशी आलं ते कोण? त्याला दोन्ही हवं होतं. सुटकाही हवी होती आणि तीही हवी होती. खालून कुणीतरी लिफ्टच्या नावाने शिव्या द्यायला लागलं, तेव्हा तो उठला.

निकाल ऐकायला त्याची मुलगी बरोबर आली. "मी येणारच," म्हणाली. एका खोलीत तीन खुर्च्या होत्या, भिंतीवर फुफ्फुसांचं चित्र, आणि खिडकीत कुणीतरी पाणी घालायला विसरलेली कुंडी. समोर बसलेल्या बाईला त्याने ओळखलं नाही; डॉक्टरीणबाईचं नाक आणि हनुवटी तो पहिल्यांदाच बघत होता. तिने मात्र त्याला ओळखलं. "कसे आहात काका? लिफ्टी चालू आहेत ना?" "आमच्या चालू आहेत. तुमची तिसऱ्या मजल्याशी झटका देते." "सांगते हं त्यांना." ती हसली, मग थोडी सावरून बसली. मुलीनेच विचारलं, "गुण आला का औषधाचा?" डॉक्टरीणबाई म्हणाली, ज्यांना औषध मिळालं त्यांना ऑक्सिजन थोडा कमी लागला असं दिसतंय, पण माणसं कमी होती, छातीठोक सांगण्यासारखं नाही, आणखी मोठी चाचणी घ्यावी लागेल, आणि एकेका माणसाचं तर काहीच सांगता येत नाही, हा औषधाने वाचला, हा नुसताच वाचला, असं. तो मान हलवत होता. ऐकत होता की नाही त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कुंडीतल्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्याचा हात पाण्याच्या बाटलीकडे जात होता, तो त्याने मांडीखाली दाबून धरला.

"काका, तुम्हाला मिठाचं पाणी होतं."

"नक्की?"

"नक्की."

"एखादं तरी औषधाचं असेल. चुकून."

"नाही हो. सगळी पाण्याचीच."

"मग मला रडू येतं ते?"

डॉक्टरीणबाईला कळलं नाही. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "त्यांना वर्षभर रडू येतंय. इंजेक्शनमुळे, म्हणतात." बाहेर कुणाचातरी फोन वाजून थांबला. डॉक्टरीणबाईने हातातलं पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. "मिठाच्या पाण्याने रडू येत नाही, काका," ती म्हणाली, आणि असं म्हणताना तिचा आवाज डॉक्टरचा राहिला नाही. तो म्हणाला, "छातीतही दुखतं." ती म्हणाली, "दुखत असेल." मग तिने तपासून घ्या, हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसतात, असं काहीतरी सांगितलं. तो उठून उभा राहिला. कुंडीत पाणी घातलं. उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "येतो," म्हणाला.

लिफ्टची वाट बघताना मुलगी त्याच्या शेजारी उभी होती. तिने पर्सचा पट्टा मुठीत घट्ट पिळला होता. "बाबा," ती म्हणाली, "आई सारखी विचारायची. तुमचं औषध…" "लिफ्ट आली," तो म्हणाला. आली नव्हती, पण दोर ओढल्याचा आवाज त्याला माणसांच्या आधी ऐकू यायचा. दार उघडलं. आत दोनतीन माणसं आणि हातात औषधांची पिशवी घेतलेली एक बाई होती, चाळिशीची, थकलेली. ते आत शिरले. तिसऱ्या मजल्याशी झटका बसला तसं त्याला रडू फुटलं. नेहमीसारखं डोळ्यांत पाणी येऊन थांबलं नाही; खांदे हलायला लागले, नाक वाहायला लागलं, आणि गळ्यातून एक आवाज आला तो तिचा नव्हता. जाडाभरडा होता, म्हाताऱ्या पुरुषाचा. पिशवीवाली बाई म्हणाली, "अहो, काय होतंय? बसायचंय का?" मुलीने सवयीने त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीचं उत्तर द्यायला गेला. तोंड उघडलं, पण ते उत्तर आता त्याच्याकडे उरलं नव्हतं.

"बायको गेली माझी," तो म्हणाला.

"अरे देवा. आत्ता?"

"मागच्या वर्षी."

बाईने मान हलवली, जणू त्यात काही वावगं नव्हतं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्याच्या कोपराला हात लावला. तळमजला येईपर्यंत तिने तो काढला नाही.

त्या दिवसापासून तो कामावर कुणाला इंजेक्शनचं सांगत नाही. मुकादमही औषधाचं नाव काढत नाही. डबा उघडून बसला की पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवतो, बस. मुलगी सुट्टीच्या दिवशी येते. दोघं समोरासमोर चहा घेतात, तिच्या घरच्या कुरबुरी, त्याच्या गुडघ्याचं दुखणं, महागाई, सगळं बोलून होतं. कप रिकामे झाले तरी ती थोडा वेळ बसून राहते. तो काय विचारेल याची वाट बघत असते, हे त्याला कळतं. आई वरच्या मजल्यावर काय विचारायची, तिला काय सांगितलं होतं, आणि शेवटपर्यंत ती त्या औषधाची वाट बघत होती का, ते त्याने मुलीला अजून विचारलेलं नाही.